वरची ओळ, खालची ओळ

संगीत विद्यालयात त्याला सगळे तारवाला म्हणत. व्हायोलिनच्या तारांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. छतातून, भिंतीतून, जिन्याखालून फिरणाऱ्या नेटवर्कच्या तारा सांभाळणारा तो माणूस. तरी नवे पालक फसायचे. एकदा एक गृहस्थ मुलीचं तार तुटलेलं व्हायोलिन घेऊन थेट त्याच्या खोलीत येऊन बसले, आणि हा "अहो, मी कॉम्प्युटरवाला" म्हणेपर्यंत त्यांनी पेटी उघडून टेबलावर मांडलीसुद्धा. तो किस्सा स्टाफरूममध्ये वर्षभर पुरला. तारवाल्यालाही ते नाव आवडायचं. निदान त्यामुळे त्याची ओळख त्याची स्वतःची व्हायची. नाहीतर लोक त्याला "खोल्यावाल्या ताईंचा भाचा" म्हणायचे, आणि ते त्याला काट्यासारखं टोचायचं.

खोल्यावाल्या ताई म्हणजे त्याची सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. कोणता वर्ग कोणत्या खोलीत, परीक्षा कधी, पियानो जुळवणारा माणूस कधी येणार, हा सगळा पसारा ती विद्यालयाच्या ऑफिसात बसून सांभाळायची. कॉम्प्युटरसाठी माणूस हवा आहे हे तिनेच त्याला कळवलं होतं, आणि प्राचार्य बाईंकडे शब्दही तिनेच टाकला होता. त्याची आई नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे त्याचं अर्धं बालपण मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गेलं होतं. मावशीला मूलबाळ नव्हतं, काका लवकर गेले. ती त्याला सोन्या म्हणायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर तिने "सोन्या, डबा खाल्लास का?" असं विचारलं, तेव्हा याचे कान लाल झाले. "इथे नको ना असं म्हणूस," त्याने तिला जिन्यात गाठून सांगितलं. "बरं बाई," ती हसून म्हणाली, आणि तेव्हापासून चारचौघांत त्याला अगदी ठसक्यात "अहो तारवाले" अशी हाक मारायला लागली.

तर विद्यालयात तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. मेल एका मशीनवर, सगळ्यांचं सामाईक कॅलेंडर दुसऱ्या मशीनवर आणि वर्गांची कागदपत्रं तिसऱ्यावर. तिन्हींचे पत्ते वेगळे. शिक्षक मंडळी गाण्यात कितीही तयार असली तरी हे पत्ते लक्षात ठेवण्यात सगळी बेसूर. शिवाय घरून यातलं काहीच उघडायचं नाही. शेवटी प्राचार्य बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"मला एकच पत्ता हवा," त्या म्हणाल्या. "घरून टाका, इथून टाका, सगळं उघडलं पाहिजे."

"होईल," तो म्हणाला. "पुढे एक सर्व्हर बसवतो. सगळे त्याच्याकडेच जातील. कोणी मेल मागितलं की तो आत जाऊन मेलच्या मशीनकडून आणून देईल, कॅलेंडर मागितलं की कॅलेंडर. बाहेरच्याला आतल्या मशीन दिसणारच नाहीत. याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात."

"नाव काही का असेना, चालू करा."

नवीन मशीन मिळणार नव्हती. पण मावशीच्या टेबलावर नुकताच नवा कॉम्प्युटर आला होता आणि तिचा जुना डबा याच्या खोलीत धूळ खात पडला होता. त्याने तो उघडला, पंख्यात अडकलेली धूळ ब्रशने काढली, आतलं सगळं पुसून त्यावर वेब सर्व्हर चढवला. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो; याचा जुना होता तोच ठेवला. बदलायचं कारण दिसलं नाही. भिंतीवर मशीनच्या पत्त्यांचा एक तक्ता लावलेला होता. त्यात त्या पत्त्यापुढे "खोल्या-वाटप टेबल" असं लिहिलेलं होतं. ते खोडायचं राहून गेलं, आणि मावशीच्या नव्या मशीनचा नवा पत्ता लिहायचाही राहून गेला.

काम वाटलं तितकं सरळ नव्हतं. मेल उघडायचं, पण जरा मोठी फाइल जोडली की गचके खायचं. कॅलेंडर कॉम्प्युटरवर दिसायचं आणि फोनवर गायब व्हायचं. तो एकेक ओळ बदलायचा, सर्व्हर पुन्हा चालू करायचा आणि बासरीच्या सरांना फोन करून विचारायचा, "आता दिसतंय का?" डबा जुना, डिस्क लहान, म्हणून कोण कुठून आलं याची पुढच्या सर्व्हरने स्वतः कसलीही नोंद ठेवू नये अशी सोय त्याने करून टाकली. आतल्या मशीन ठेवतातच की नोंदी, मग दोनदा कशाला, असा त्याचा हिशेब. अखेर सगळं सुरळीत झालं. स्टाफच्या बैठकीत प्राचार्य बाईंनी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेली मावशी सगळ्यांचं झाल्यावरही टाळ्या वाजवत राहिली होती. ते त्याला सुखावलं, आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं.

पुढे काही महिन्यांनी परीक्षांचा हंगाम आला आणि एका सकाळी कॅलेंडरमधलं परीक्षांचं सगळं वेळापत्रक नाहीसं झालं. बाहेरगावाहून आलेले परीक्षक कुलूपबंद खोल्यांसमोर उभे. पोरं व्हायोलिन कवटाळून जिन्यात बसलेली. एका परीक्षकांनी तर घड्याळ बघून सरळ परतीची गाडी पकडली. दोन दिवस सगळ्यांची नुसती तारांबळ उडाली होती.

"हे कोणी केलं ते मला कळलं पाहिजे," प्राचार्य बाई म्हणाल्या.

तारवाल्याने कॅलेंडरच्या नोंदी काढल्या. वेळापत्रक "कार्यालय" या नावाने पुसलेलं होतं. हे नाव आणि त्याचा पासवर्ड ऑफिसातले तिघं मिळून वापरत: हेडक्लार्क, टायपिस्ट आणि मावशी. मग नोंदीत त्या नावापुढे, काम ज्या मशीनवरून झालं तिचा जो पत्ता होता तो त्याने पाहिला आणि मान वळवून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. खोल्या-वाटप टेबल.

त्याला धक्का बसला, हे खरं. पण त्या धक्क्याच्या खाली आणखीही काहीतरी होतं, आणि पुढे त्याला सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हेच. इतकी वर्षं लोक आपल्याला मावशीचा भाचा म्हणतात ना? आता बघा म्हणावं. मावशीला आधी जाऊन विचारावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण ते म्हणजे पांघरूण घालणं झालं, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तो ताठ मानेने प्राचार्य बाईंच्या खोलीत गेला. त्या म्हणाल्या, हे बैठकीतच सांगा. त्याने बैठकीत सांगितलं. सगळा स्टाफ समोर होता. आवाज जराही कापला नाही त्याचा.

मावशी उभी राहिली. "मी नाही केलं," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, हळू आवाजात, "मी नाही रे केलं, सोन्या."

"नोंद खोटं बोलत नाही, मावशी," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने खाली आपल्या बोटांकडे पाहिलं आणि बसली.

बैठकीनंतर हेडक्लार्कांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सख्खी मावशी असून खरं बोललात. मानलं तुम्हाला." त्या वाक्याने तो घरी जाईपर्यंत हवेत होता.

मावशीकडून कॅलेंडर काढून घेतलं गेलं. तिला तळमजल्यावरच्या वाद्यांच्या कोठीत बसवलं. कोणी कोणतं वाद्य नेलं, कोणी परत आणलं, एवढंच बघायचं. तिने तक्रार केली नाही. तिने याच्याशी भांडणही केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला.

म्हणजे झालं असं, की मशीन खोटं बोलत नाही, आणि पुसल्याचं तर आपल्याला आठवत नाही. मग आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय, असा सरळ अर्थ तिने काढला. तिची आई, म्हणजे याची आजी, शेवटच्या काळात कोणालाच ओळखत नव्हती. तिचं सगळं मावशीनेच केलं होतं. ते कसं सुरू होतं हे तिने जवळून पाहिलं होतं.

"ताईचं काही खरं नाही," आई एकदा जेवताना म्हणाली. "गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाते. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात, कशात काय आहे ते. मी म्हटलं, अगं, तुझंच कपाट आहे ना! तर म्हणते, आज आहे, उद्याचं काय सांगू?"

तारवाल्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मावशीला घेऊन तो स्वतः डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, उलटे आकडे म्हणून घेतले. तिने सगळं बरोबर केलं. "वयाच्या मानाने तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर मावशीने त्याचा दंड धरला. "डॉक्टर चांगले आहेत," ती म्हणाली. "पण त्यांना काय ठाऊक? तू ती नोंद बघितलीयस ना."

"काळजी नको करू," तो म्हणाला. "मी आहे ना."

हे वाक्य पुढे त्याला आठवलं की तो एकटा असला तरी डोळे मिटून घ्यायचा.

मग एके दिवशी बासरीचे सर पासवर्ड विसरले. विसरले ते विसरले, वर चिडून पुन्हा पुन्हा चुकीचाच दाबत राहिले. असं कोणी केलं की तो माणूस ज्या पत्त्यावरून येतोय तो पत्ताच कॅलेंडर काही काळ बंद करतं. चोरापासून बचाव म्हणून. पण या वेळी एकट्या सरांचं कॅलेंडर बंद पडलं नाही. सगळ्या विद्यालयाचं पडलं. प्राचार्य बाई घरी होत्या, त्यांचंही.

हे काय गौडबंगाल, म्हणून तारवाल्याने नोंदी उघडल्या. बासरीच्या सरांच्या ओळी दिसल्या. त्यांच्या वर टायपिस्ट. खाली पियानोच्या बाई. त्याखाली प्राचार्य बाई, त्यांच्या घरून. आणि सकाळी त्याने स्वतः केलेला एक बदल. नावं वेगळी, माणसं वेगळी, घरं वेगळी. सगळ्यांपुढे पत्ता मात्र एकच.

त्याला भिंतीकडे पाहायची गरज नव्हती, तरी त्याने पाहिलं. खोल्या-वाटप टेबल.

आतल्या मशीनच्या दारात जाऊन उभा राहणारा तो पुढचा सर्व्हर होता. कोणाच्याही वतीने गेला तरी स्वतःचाच पत्ता सांगत होता, कारण मूळ माणसाचा पत्ता पुढे कळव अशी ओळ त्याने त्यात लिहिलीच नव्हती. आणि तो सर्व्हर म्हणजे मावशीचा जुना डबा. सर्व्हर चालू झाल्या दिवसापासून विद्यालयातला प्रत्येक माणूस, शिक्षक, विद्यार्थी, प्राचार्य, सगळे मावशीच्या टेबलावरून काम करत असल्याची नोंद होत होती.

नोंदींमध्ये तो मागे मागे गेला, वेळापत्रक पुसलं गेलं त्या दिवसापर्यंत. ती ओळ सापडली. आता त्याने तिच्या वरची ओळ वाचली. खालची वाचली. माणसं वेगळी, पत्ता तोच. त्या दिवशी या दोनपैकी एकीवर नजर टाकली असती तरी पुरलं असतं.

सर्व्हरमध्ये लिहायची राहिलेली ओळ त्याने लिहिली. सर्व्हर पुन्हा चालू केला. नोंदींमध्ये खरे पत्ते उतरायला लागले. त्याला एक चहा पिऊन होईल इतकाही वेळ लागला नाही. पण झाल्या गोष्टीचा पत्ता आता कुठेच नव्हता. पुढच्या सर्व्हरच्या नोंदी त्यानेच बंद करून ठेवल्या होत्या. वेळापत्रक खरोखर कोणी पुसलं हे कधीच कळणार नव्हतं.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला त्या खुर्चीत बसून कळलं. आणि तरीही त्याच्या मनात आलं, की हे कोणाला कळायचं कारण नाही. चूक दुरुस्त झाली. मावशी कोठीत रुळली आहे. तिथे तिला जिने चढावे लागत नाहीत. असा विचार करत करत त्याने जेवणाचा डबा उघडला आणि चक्क जेवला.

डबा धुताना आईचा फोन आला. "अरे, ताईने वृद्धाश्रमात नाव घालायचं ठरवलंय. शुद्ध आहे तोवर स्वतःच्या पायाने जाते म्हणते. उद्या मला सोबत बोलावलंय. तू तरी सांग तिला काहीतरी."

तो तसाच ओल्या हातांनी प्राचार्य बाईंकडे गेला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दुरुस्त झालं ना आता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ताईंना आपण परत वर आणू. कामाचा ताण वाढलाय असं सांगू. बाकीचं बोलायची गरज नाही. एकदा लोकांचा विश्वास उडाला की उद्यापासून प्रत्येक जण म्हणेल, नोंद चुकली."

आणि त्याला हायसं वाटलं. चारचौघांसमोर काही बोलावं लागणार नव्हतं. ते हायसं वाटणं घेऊनच तो जिना उतरून कोठीत गेला.

मावशी एका ढोलावरची धूळ पुसत होती. त्याने दार लोटून घेतलं आणि सांगितलं. आधी नीट सांगता येईना. सर्व्हर, पत्ता, ओळ, असं काहीबाही बोलत राहिला. मग म्हणाला, "मावशी, ती नोंद तुझी नव्हतीच. म्हणजे असेलच असं नाही. सगळ्यांच्याच पुढे तुझ्या जुन्या मशीनचा पत्ता लागत होता. माझ्यामुळे."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे मी पुसलं नाही?"

"कोणी पुसलं ते कळायला मार्ग नाही. पण तू पुसलंस असं म्हणायला काहीच आधार नव्हता."

"मग मी विसरत नाही?"

"नाही गं. तू कुठे विसरतेस?"

ती मटकन स्टुलावर बसली आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं बाई," ती म्हणत राहिली, "अगं बाई गं." तिने लगेच बहिणीला फोन लावला. "उद्या यायचं नाही. अगं, माझं डोकं ठिकाणावर आहे! सोन्यानेच शोधून काढलं." त्याला शिव्या बसल्या असत्या तर त्याने त्या खाली मान घालून घेतल्या असत्या. हे त्याला सोसवेना.

फोन ठेवून तिने डोळे पुसले. फडकं मांडीवर पसरलं. मग बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"त्या दिवशी किती ओळी बघितल्या होत्यास?"

"एक."

"एकच?"

"हो."

"तिथे टायपिस्टचं टेबल निघालं असतं तर दोन बघितल्या असत्यास ना?"

 त्याला उत्तर माहीत होतं. दोन काय, दहा पाहिल्या असत्या, आणि आधी तिच्या टेबलाशी जाऊन विचारलं असतं. परक्या माणसाला एवढं तरी द्यावं लागतं. मावशीला तेवढंही दिलं नाही, कारण लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती होती.

"बाई म्हणतायत," तो कसाबसा म्हणाला, "तुला परत वर आणू. कारण सांगायचं नाही."

"आणि तू काय म्हणालास?"

तो ढोलाच्या दोरीशी चाळा करू लागला.

"जिथे बोललास तिथेच बोल," मावशी म्हणाली आणि ढोल पुसायला लागली.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. प्राचार्य बाईंनी मानेने नको म्हटलं, ते त्याने पाहिलं, तरी बोलला. या वेळी आवाज कापत होता. आपण कोणती ओळ लिहायला विसरलो, कोणत्या ओळी वाचल्या नाहीत, कोणाला न विचारता कोणाचं नाव घेतलं, हे सगळं त्याने सांगितलं. "ताईंची मी माफी मागतो," म्हणताना तो अडखळला. मग "मावशीची" असं म्हणाला.

"मग पुसलं कोणी?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"कळणार नाही."

"म्हणजे आता ऑफिसातले तिघंही संशयित?" पियानोच्या बाई म्हणाल्या. थोडं हसू पिकलं. कोणी त्याला टाकून बोललं नाही. उलट बासरीच्या सरांनी जाताना "चुका होतात हो" म्हणून पाठ थोपटली, आणि ती थाप त्याला झोंबली. मावशी मागच्या रांगेत बसली होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

मावशी आपल्या टेबलावर परत आली. "कार्यालय" हे सामाईक नाव त्याने काढून टाकलं. आता प्रत्येकाचं नाव वेगळं आणि पासवर्ड वेगळा. प्राचार्य बाई त्याच्याशी कामापुरतं बोलू लागल्या. आईने काही दिवस अबोला धरला आणि मग सोडला. रविवारी तो मावशीकडे जेवायला जातो. ती पूर्वीसारखंच वाढते आणि पूर्वीसारखंच "अजून घे" म्हणते.

पण तिच्या टेबलाकडून जाताना काचेतून त्याला एक गोष्ट दिसते. कॅलेंडरमधून साधा एखादा वर्ग काढायचा असला, तरी मावशी टायपिस्टला हाक मारते. "जरा इथे उभी राहा गं, बघ मी काय काढतेय ते." टायपिस्ट हातातलं काम टाकून येते, तिच्या खुर्चीमागे उभी राहते. मावशी बोट ठेवून नाव वाचून दाखवते, मग बटण दाबते.

एकदा न राहवून त्याने विचारलं, "अजून कशाला बोलावतेस तिला? आता सगळं नीट आहे."

"असू दे," मावशी म्हणाली. "बघितलेलं बरं कोणीतरी."